चित्रातला पेरू टेबलावर का बसत नाही?

तैलरंग नव्याने शिकणाऱ्याचं पहिलं स्थिरचित्र बहुधा ठरलेलं असतं. टेबलावर राखाडी कापड, त्यावर पितळी तांब्या, शेजारी एक पेरू आणि मागे भिंत. तांब्याचा गळा दोन्ही बाजूंनी सारखा उतरलेला असतो, पेरूच्या हिरव्या-पिवळ्या रंगासाठी बरीच खटपट केलेली दिसते, खिडकी डावीकडे आहे हेही कळतं. बोट ठेवावं अशी चूक सापडत नाही. तरीही पेरू काही टेबलावर बसत नाही. मासिकातून कापून कापडावर चिकटवल्यासारखा दिसतो.

रेखाटन झालं, रंग झाला, उजेड झाला. सगळं तपासून झालं की संशय उरतो तो कडांवर. एक आकार संपून दुसरा सुरू होतो ती जागा म्हणजे कड. पेरू आणि भिंत यांच्यामध्ये ती असते, तशी पेरू आणि त्याच्या सावलीमध्ये असते, तांब्याच्या पोटावर उजेड संपून अंधार सुरू होतो तिथेही असते. ही जागा पात्याने कापल्याइतकी स्पष्ट असू शकते, नाहीतर आकार नेमका कुठे संपला ते सांगता येऊ नये इतकी विरलेली. चित्रकारांच्या बोलण्यात पहिली हार्ड एज, दुसरी सॉफ्ट एज, आणि पुरतीच विरघळली तर लॉस्ट एज. आपण धारदार, मऊ आणि हरवलेली म्हणू.

नवशिक्याच्या पेरूची कड चहूकडून सारखीच धारदार असते. समोर ठेवलेल्या पेरूची तशी नसते. पण तो पेरू डोळ्यांसमोर असूनही हा फरक दिसत नाही. का दिसत नाही?

अंगठ्याच्या नखाएवढी नजर

हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. त्याचं नख जेवढी जागा व्यापतं, साधारण तेवढ्याच जागेपुरतं आपल्याला खरोखर स्वच्छ दिसतं. दृष्टिपटलावर पीतबिंदूच्या मधोमध एक बारीक खळगा असतो. बारकावे टिपणाऱ्या पेशींची दाटी तिथेच असते. खळग्याबाहेर पडलं की ही दाटी झपाट्याने विरळ होते. खात्री करून घ्यायची असेल तर या ओळीतल्या एका अक्षरावर नजर रोवा आणि ती न हलवता चार शब्द पलीकडचा मजकूर वाचायचा प्रयत्न करा.

एवढ्याशा नजरेने आपण सगळं जग स्पष्ट पाहत असल्याचा भास होतो, कारण डोळा गप्प बसत नाही. तो सेकंदाला साधारण तीन उड्या मारतो आणि मेंदू त्या तुकड्यांची गोधडी शिवतो. शिवण आपल्याला दिसत नाही, एवढंच.

आता नवशिका चित्रकार पेरूकडे कसा पाहतो ते बघा. डावी कड तपासायची म्हणून तो तिच्याकडे पाहतो. डोळा ती कड खळग्यात आणतो, भिंग तिच्यावर रोखतो आणि ती धारदार दिसते. मग उजवी कड. तीही धारदार. मग तांब्याचा काठ, मग कापडाची घडी. ज्या कडेकडे पाहावं ती पाहता क्षणी धारदार होते, आणि तो प्रामाणिकपणे सगळ्याच धारदार रंगवतो. एकेका कडेचा हिशोब बरोबर असतो. या कडा एकाच क्षणी, एकाच नजरेत कधीच अशा दिसलेल्या नसतात, तेवढं मात्र राहून जातं.

त्यात डोळ्याची आणखी एक खोड आहे. दृष्टिपटलावरची पेशी स्वतःचा संदेश पुढे पाठवताना शेजारच्या पेशींचा संदेश थोडा दाबते. त्यामुळे उजेड-अंधाराच्या सीमेवर उजळ बाजू आहे त्याहून उजळ आणि गडद बाजू आहे त्याहून गडद भासते. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने 1865 मध्ये हे पट्टे वर्णन केले, म्हणून त्यांना माख पट्टे म्हणतात. पुढे मेंदूच्या दृष्टिकेंद्रात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांना ठरावीक कोनातल्या कडा दिसल्या की खडबडून जागं होणाऱ्या पेशी सापडल्या. या कामाला 1981 चं नोबेल मिळालं. थोडक्यात, आपली दृष्टी मुळातच कडांची भुकेली आहे. सपाट भिंत तिला कंटाळवाणी वाटते, भिंत आणि दार यांची सीमा मात्र ती लगेच हेरते.

चित्रकाराला कडांची ताकद मिळते ती इथून. कॅनव्हासवर जिथे धारदार कड असेल तिथे पाहणाऱ्याची नजर आपसूक जाते. पण सगळ्याच कडा धारदार ठेवल्या तर? सभेत सगळेच एका पट्टीत बोलू लागले की कोणाचंच ऐकू येत नाही, तसं होतं. नजर कुठेच ठरत नाही आणि प्रत्येक वस्तू शेजारणीपासून तुटून वेगळी पडते.

मोबाइलच्या फोटोवरून चित्र काढणाऱ्यांची अडचण तर दुहेरी. फोनचा सेन्सर लहान असल्याने जवळचं-लांबचं जवळजवळ सगळं एकाच वेळी स्वच्छ येतं, वर फोनमधलं सॉफ्टवेअर कडा आणखी धारदार करतं. फोटो मोठा करून पाहिला तर गडद आकाराभोवती एक बारीक उजळ रेघ दिसते, ती याच कारागिरीची खूण. कित्येक जण ती रेघही इमानेइतबारे रंगवतात.

रेषेबाहेर रंग जाऊ नये

दोष एकट्या डोळ्याचा नाही. आपल्याकडे चित्रकला शिकवायची सुरुवातच पेन्सिलीच्या बाह्यरेषेने होते. चित्रकलेच्या तासाला आणि पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीत मुलांच्या कानी सतत पडणारं वाक्य म्हणजे ‘रंग रेषेबाहेर जाऊ देऊ नकोस’. तयारीसाठी ते ठीकच आहे, हाताला वळण लागतं. पण तीच सवय तैलरंगात आली की आधी पेरू पूर्ण रंगवायचा आणि मग त्याच्या भोवतीने जपून-जपून भिंत ‘भरायची’, असा क्रम पडतो. पेरूला धक्का लागू नये म्हणून ब्रश कडेला समांतर फिरतो आणि पेरूभोवती रंगाचा एक कंगोरा उभा राहतो. कापून चिकटवल्याचा भास निम्मा तिथेच तयार होतो.

याचा अर्थ धारदार कड वाईट, असा मुळीच नाही. पहाडी किंवा राजस्थानी लघुचित्रांत प्रत्येक आकाराला बारीक, सलग रेषा असते आणि तीच त्या चित्रांची शान. तिथे एका खिडकीतून येणाऱ्या उजेडात वस्तू कशी दिसते हा प्रश्नच नसतो. ज्याला तो प्रश्न सोडवायचा आहे, त्याला कडांचं राजकारण टाळता येत नाही.

कड मऊ होते तेव्हा

निसर्गात कडा मऊ पडण्याची कारणं मोजकी आहेत आणि ती समजून घेतली की समोरच्या वस्तूत शोधता येतात.

पहिलं कारण आकाराचं वळण. वहीचं पान एकदम संपतं, म्हणून त्याची कड धारदार. पेरूचा पृष्ठभाग हळूहळू वळत आपल्या नजरेआड जातो, म्हणून त्याची कड पानापेक्षा मऊ. त्याच पेरूच्या अंगावर उजेड आणि अंधार जिथे भेटतात ती सीमा तर आणखी मऊ. तांब्याच्या पोटावर ती रुंद आणि संथ असते, गळ्याशी वळण घट्ट असल्याने अरुंद, आणि काठाशी जवळजवळ धारदार. एकाच भांड्यावर तिन्ही पाहायला मिळतात.

दुसरं कारण पदार्थ. पितळ घासून लखलखीत केलं असेल तर त्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं, चौकोनी आणि धारदार कडांचं. पेरूची साल बारीक खडबडीत असते. त्यावरचा चमकीचा ठिपका विरलेल्या कडांचा येतो. दोन्हीवर सारखाच पांढरा ठिपका ठेवला की पेरू प्लॅस्टिकचा होतो. केस, लोकर, धूर, झाडाची पानोरी यांना तर एक अशी कडच नसते. फोनमधल्या पोर्ट्रेट मोडची फजिती केसांपाशी होते ती म्हणूनच: केस कुठे संपले आणि मागचं दृश्य कुठे सुरू झालं हे ठरवताना त्याचा गोंधळ उडतो.

तिसरं कारण सावली, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण सावल्यांच्या कडांत नवशिके सर्वांत जास्त फसतात. ग्रहणाच्या धड्यात प्रच्छाया आणि उपच्छाया आपण सगळ्यांनी वाचलेल्या असतात. सूर्य आकाशात बिंदू नाही, सुमारे अर्धा अंश रुंद तबकडी आहे. त्यामुळे सावलीच्या कडेला एक पट्टा असा असतो, जिथून अर्धवट सूर्य दिसतो; तिथे अर्धवट उजेड पोचतो. वस्तू आणि जमीन यांतलं अंतर जितकं जास्त तितका हा पट्टा रुंद. उन्हात तो अंतराच्या साधारण शंभरावा हिस्सा असतो. गच्चीच्या कठड्याची कड जमिनीपासून एक मीटरवर असेल तर तिच्या सावलीची कड सुमारे 9 मिलिमीटर रुंद, म्हणजे बऱ्यापैकी स्पष्ट.

खिडकीचं गणित वेगळं. एक मीटर रुंदीची खिडकी तीन मीटरवर असेल तर उजेडाचा स्रोत सूर्याच्या मानाने अवाढव्य होतो. तांब्याचा गळा कापडापासून 10 सेंटिमीटर उंच असेल, तर त्याच्या सावलीची कड तीन सेंटिमीटरच्या वर पसरते. तांब्याचं बूड मात्र कापडाला टेकलेलं असतं, अंतर शून्य. म्हणून तिथली सावली धारदार आणि गडद. एकच सावली बुडाशी सुरीसारखी सुरू होते आणि पुढे जात-जात विरते. पेरू टेबलावर बसवायचा असेल तर सगळ्यांत मोठा हातभार या एका गोष्टीचा. टेकल्याची खूण सावलीच्या त्या धारदार तुकड्यात असते, आणि सावली सगळीकडून सारखी कापली की ती खूण पुसली जाते.

स्रोत जितका मोठा तितकी सावलीची कड मऊ, याचा पडताळा घरच्या ट्यूबलाइटखाली दोन मिनिटांत घेता येतो. टेबलाच्या वर वीतभर अंतरावर पेन्सिल ट्यूबला समांतर धरा: सावली रेखीव पडते. मग तीच पेन्सिल ट्यूबला आडवी धरा: सावली जवळपास नाहीशी होते. ट्यूब लांबीला मोठी आणि जाडीला लहान असते. पेन्सिल फिरवली की तिच्या आड येणारा स्रोत एकदा बारीक, एकदा चार फुटी.

उरलेली कारणं झटपट. हलती वस्तू विरते: वेलास्केझच्या सूत कातणाऱ्या बायकांच्या चित्रात चरख्याचं चाक फिरताना दिसतं, कारण त्याने आरे रंगवलेलेच नाहीत. लांबच्या डोंगराची कड मधल्या हवेमुळे मऊ होते. पावसाळ्यात सह्याद्री पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आधी टोन, मग ब्रश

मऊ कड म्हटलं की लोक आधी मऊ ब्रश शोधतात. माझ्या मते तिथेच गाडी चुकते. कडेचा धारदारपणा दोन गोष्टींतून येतो: दोन्ही बाजूंच्या टोनमधला, म्हणजे रंगाच्या गडद-फिकेपणातला फरक किती, आणि तो फरक किती रुंदीत पार पडतो. पहिली गोष्ट जास्त ताकदवान. पेरूची गडद बाजू गडद भिंतीला लागून असेल तर मधली सीमा ब्रशने स्पष्ट सोडली तरी लांबून ती दिसत नाही. उलट, पांढऱ्या भिंतीवरची काळी कड कितीही घोटली तरी ती नजरेत खुपतेच, फक्त घाणेरडी होऊन.

रंग वेगळे असूनही टोन एकच असू शकतो, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा धक्का बसतो. क्लोद मोने याच्या 1872 च्या ‘इंप्रेशन, सनराइज’ या चित्रातला केशरी सूर्य कृष्णधवल छायाचित्रात जवळपास गायब होतो, कारण त्याचा उजळपणा भोवतीच्या राखाडी आभाळाएवढाच आहे. आपल्या चित्राचा फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहणं ही त्यामुळे आळशी युक्ती नाही, चांगली तपासणी आहे.

समोरच्या देखाव्यासाठी जुनी युक्ती डोळे किलकिले करण्याची. पापण्यांच्या झालरीतून पाहिलं की बारकावे गळतात, जवळजवळचे टोन एकमेकांत मिसळतात आणि ज्या कडा सर्वांत आधी नाहीशा होतात त्या चित्रातही मऊ किंवा हरवलेल्या हव्यात. शेवटपर्यंत टिकून राहतात त्या धारदार. ज्यांना लांबचं कमी दिसतं त्यांनी नुसता चष्मा काढावा. चित्रकाराला फुकट मिळालेलं हे उपकरण आहे. एकट्या कडेकडे पाहून ‘ही मऊ आहे का?’ विचारू नये, कारण उत्तर प्रत्येक वेळी ‘नाही’ येतं. दोन कडांवर नजर भिरभिरती ठेवून ‘या दोघींत मऊ कुठली?’ असं विचारावं.

जवसाच्या तेलाची मेहेरबानी

कडा मऊ करण्याची ही चैन तैलरंगातच इतकी का परवडते, याचं उत्तर तेलात आहे. जलरंग वाळतो तो पाणी उडून गेल्याने. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन थर घट्ट होतो. स्वयंपाकघरात तेलाच्या किटलीभोवती जमणारा चिकट, निघता न निघणारा थर हा याच प्रक्रियेचा अर्धवट अवतार. हे काम संथ चालतं, म्हणून ओला रंग तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस हलवता येतो. सगळे रंग सारखे वागत नाहीत. अंबर या रंगात मँगनीज असल्याने तो लवकर आवळतो; आयव्हरी ब्लॅक आणि कॅडमियमचे रंग रेंगाळतात. काही चित्रकार पॅलेटवर लवंग तेलाचा थेंब टाकून वाळणं लांबवतात. थेंबच, कारण जास्त झालं की थर नीट घट्टच होत नाही.

युरोपात तैलरंगाआधी पॅनेलवर अंड्याच्या बलकात कालवलेले रंग चालत. ते काही मिनिटांत वाळतात. दोन टोन एकमेकांत मिसळायचे तर बारीक-बारीक समांतर रेघा ओढत बसावं लागे. त्या चित्रांच्या कडा अशा कोरीव का, त्याचं एक कारण हे. (तैलरंगाचा जन्म युरोपातला, हा समजही आता टिकत नाही. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांत सातव्या शतकातल्या भित्तिचित्रांमध्ये वाळणारी तेलं सापडली आहेत.)

तेलाचा हा वेळ लिओनार्दो दा विंचीने कुठवर ताणला ते 2010 मध्ये लूव्र संग्रहालयातल्या चित्रांच्या क्ष-किरण तपासणीत दिसलं. मोनालिसाच्या चेहऱ्यावर त्याने रंगाचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवले आहेत. काही थर एक-दोन मायक्रॉनचे, आणि सगळे मिळून 30 ते 40 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे, जिथून आपण चेहऱ्यावरचे भाव वाचतो, नेमके तेच त्याने धूसर ठेवले. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी त्या प्रसिद्ध हास्याचा उलगडा असा केला: आपण तिच्या डोळ्यांकडे पाहतो तेव्हा ओठ नजरेच्या कडेला, खळग्याबाहेर पडतात, तिथे फक्त ढोबळ छटा टिपल्या जातात आणि त्या छटा हसऱ्या आहेत. ओठांकडे थेट पाहायला जावं तर हसू ओसरतं. म्हणजे मऊ कडेचा खेळ कॅनव्हासवर अर्धाच असतो, उरलेला पाहणाऱ्याच्या डोळ्यात पुरा होतो.

जलरंगात मऊ कडा होतच नाहीत असं मात्र नाही. एस. एल. हळदणकर यांचं हातात समई घेतलेल्या तरुणीचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्र अनेक जण राजा रवि वर्म्याचं तैलचित्र समजतात. ते हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. ज्योतीवर धरलेल्या हाताची लालसर बोटं आणि अंधारात विरत जाणारी साडी जलरंगात साधायला काय तयारी लागते, ते जलरंग वापरलेल्यालाच कळेल.

हात कसा चालतो

आता पुन्हा पेरूकडे. उजवी, सावलीतली बाजू घेऊ. पेरूचा गडद हिरवा आणि भिंतीचा गडद राखाडी हे दोन्ही टोन पॅलेटवर शेजारी-शेजारी मिसळून घ्या आणि आधी तिथेच ते पुरेसे जवळ आहेत का ते पाहा. मग दोन्ही कॅनव्हासवर एकाच बैठकीत लावा, एकमेकांना भिडवून. पेरू आधी पूर्ण आणि भिंत नंतर, असं नको. रंग बेताचा असू द्या; जाड रंग मिसळत नाही, नुसता सरकतो.

आता कोरडा, स्वच्छ फिल्बर्ट, म्हणजे टोकाशी गोलसर असलेला चपटा ब्रश घ्या आणि शिवणीवरून अगदी हलक्या हाताने एकदाच ओढा. ब्रश फडक्याला पुसा. मग पुढचा तुकडा. न पुसता दुसऱ्यांदा ओढलात की हिरवा भिंतीत आणि राखाडी पेरूत घुसतो आणि रंगाचं कालवण होतं. घोटण्याचा मोह आवरत नसेल तर दुसरा मार्ग जास्त भरवशाचा: दोन्हींच्या मधला तिसरा टोन पॅलेटवर तयार करून त्याची पट्टी शिवणीवर ठेवायची. कड मऊ दिसते आणि ब्रशचा फटकाराही ताजा राहतो. मला हीच पद्धत अधिक आवडते; मऊ ब्रशने गुळगुळीत केलेल्या कडेला मेणाचा भास येतो.

ब्रशची दिशाही बोलते. भिंतीचा फटकारा पेरूच्या कडेला समांतर न नेता तिच्यात थोडा घुसवून आणला, आणि पेरूचा एखादा फटकारा बाहेर भिंतीकडे सुटू दिला, तर कड तुटक होते आणि पेरूभोवती हवा असल्यासारखी वाटते. वाळलेल्या थरावर जवळजवळ कोरडा ब्रश घासला की रंग कॅनव्हासच्या विणीच्या उंचवट्यांवरच बसतो. केस आणि लोकरीच्या कडांना ही खरबरीत मऊ कड छान लागते. बोटानेही उत्तम काम होतं, फक्त कॅडमियम, कोबाल्ट किंवा शिशाचा पांढरा वापरत असाल तर हातमोजा घाला.

धारदार कडेचं तंत्र याच्या उलट, आणि धीटपणाचं. ब्रशवर भरपूर रंग, एकच फटकारा, आणि उचलला की परत तिथे जायचं नाही. पितळेवरची चमक अशीच ठेवायची. तिला सुधारायला गेलात की ती मेलीच. म्हणून सगळं चित्र आधी मऊ कडांत उभारावं आणि मोजक्या धारदार कडा शेवटी द्याव्यात. ओल्या चित्रात मऊ कडेवर धार चढवायला एक फटकारा पुरतो. चहूकडच्या धारदार कडा मोडायला सगळी शिवण उसवावी लागते.

चौकट: एका बैठकीचा सराव

एक पेरू, एक राखाडी कागद, एका बाजूने खिडकी. ट्यूबलाइट बंद.
रेखाटन नको, पेरू आणि पार्श्वभूमी एकदमच रंगाच्या ढोबळ ठिगळांनी मांडा.
डोळे किलकिले करून सर्वांत धारदार आणि सर्वांत मऊ कड आधी ठरवा. बाकीच्या या दोघींच्या मध्ये बसवा.
सावली टेकते तिथे धारदार, पुढे जाईल तशी विरती.
निदान एका ठिकाणी पेरूची कड पूर्ण हरवू द्या. पाहणारा ती मनाने जोडतो का, ते चार पावलं मागे जाऊन बघा.

मोत्याला कड नाही

कड हरवल्यावर आकार मोडेल, ही भीती घालवायला फर्मेरच्या ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ या सुमारे 1665 च्या चित्राइतकं चांगलं औषध नाही. तिच्या नाकाची कड आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये सीमाच नाही. दोन्ही एकाच रंगाचे. तरी आपण नाक पुरं पाहतो. हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयाने 2018 मध्ये या चित्राची कसून तपासणी केली, तेव्हा डुलाला कानात अडकवणारी कडी रंगवलेलीच नाही हे नोंदवलं गेलं. मोती म्हणजे वर एक दाट पांढरा ठिपका, खाली कॉलरच्या प्रतिबिंबाची मऊ छटा. बाह्यरेषा नाही. ठिपका धारदार आहे, बाकी सगळं विरलेलं, आणि त्या एका धारदार जागेच्या जोरावर मोती गोल होतो.

हे छापील चित्रावरून शिकता येत नाही, कारण छपाईत नेमक्या कडाच बदलतात. आपल्याकडे अस्सल तैलचित्रं पाहायला फार लांब जायला नको. साताऱ्याजवळ औंधचं श्रीभवानी संग्रहालय आहे, बडोद्यात रवि वर्म्याची चित्रं आहेत, पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन रूपं आहेत. पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह आहे. व्यक्तिचित्रासमोर उभं राहिलात तर चेहऱ्याकडे नंतर पाहा. आधी कानाची, केसांची आणि खांद्याची कड पाहा, आणि चित्रकाराने कुठे हात सैल सोडला ते शोधा.

सगळंच मऊ केलं तर

कडांचं नवं-नवं ज्ञान झालं की चित्रात धुकं पसरतं. पेरू, तांब्या, भिंत, सगळंच घोटून गुळगुळीत. हे पहिल्या दोषाचंच दुसरं टोक: तेव्हा सगळ्या कडा सारख्या धारदार होत्या, आता सारख्या मऊ आहेत, आणि नजरेला बसायला जागा तेव्हाही नव्हती, आताही नाही. अशा वेळी चित्रात भर घालू नये. तांब्याच्या काठावर एक, पेरूच्या देठाशी एक आणि सावलीच्या टेकणीपाशी एक, एवढ्या तीन कडा धारदार करून थांबावं. बहुतेकदा तेवढ्याने चित्र जागेवर येतं.

चित्र वाळल्यावर कड खटकली तर? तिच्यावर नुसता रंग फासून भागत नाही. जुन्या कडेपाशी रंगाचा वळ उठलेला असतो आणि तिरप्या उजेडात तो नव्या रंगाखालूनही दिसत राहतो. आधी पॅलेट नाइफने किंवा बारीक पॉलिश पेपरने तो वळ उतरवावा. शिशाचे रंग असतील तर कोरडं घासू नये, धूळ पोटात जाते. मग त्या जागेवर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जास्तीचं फडक्याने टिपून घ्यावं, म्हणजे नवा रंग जुन्यावर सरकतो आणि मिसळायला वेळ मिळतो. आणि दोन्ही बाजू नव्याने रंगवाव्यात, पेरूही आणि भिंतही. एकच बाजू रंगवली तर ओला रंग कोरड्या रंगाला भिडतो, आणि तिथे पहिल्याइतकीच धारदार कड पुन्हा तयार होते.